घुगऱ्या आणि तीनशे बरगड्या

एका जंगलात, जिथं नदी समुद्राला भेटायला निघते तिथं, एक होता अजगर, एक होती अजगरीण आणि एक होती अजगराची आई. अजगराचं नाव धोंडबा. अजगरिणीचं नाव भागाबाई. म्हातारीला सगळं जंगल थोरली म्हणायचं. थोरली किती लांब होती ते कुणी मोजलं नव्हतं, कारण ती कधी सरळ झालीच नव्हती.

नीट बसा, पोरांनो. पाय पोटाशी घ्या. तुम्हाला पाय आहेत म्हणून सांगते. पायांचीच गोष्ट आहे.

त्या जंगलात एक रीत होती. माणसांत आधी बाळ येतं आणि मागून आपण पाळणा म्हणतो. जंगलात उलटं. तिथं आधी पाळणा, मग बाळ. अंडी घातली की त्या ढिगाला एक वेल बांधायची. तीच पाळण्याची दोरी. बायका जमायच्या, एकेकीनं दोरी ओढायची आणि आईनं गायचं. जसं गाल तसं बाळ घडायचं. पाळण्यात डोळा आला की अंड्यात डोळा आला. पाळण्यात शेपूट आलं की अंड्यात शेपूट आलं. म्हणून कडव्यांचा क्रम चुकवायचा नाही, डोक्याकडून शेपटाकडे यायचं.

पाळणा असा होता :

पहिल्या दिवशी डोकं आलं, डोळ्यांचं त्याला दान मिळालं.
दुसऱ्या दिवशी मान वळली, आईची हाक तिला कळली.
तिसऱ्या दिवशी हात फुटले, मातीला पहिले जाऊन भेटले.
चौथ्या दिवशी बरगडी बाई, पोटाला बाळाच्या कुंपण होई.
पाचव्या दिवशी कंबर पाय, चालत येईल भेटाया माय.
सहाव्या दिवशी शेपूट गं, इथं बाळाचं रूप सरलं गं.

आता एवढं सोपं गाणं. पण गाणाऱ्या बायका. एक घर सोडून दुसऱ्या घरी गेलं की शब्द हलतोच. कासवाच्या पणजीनं चौथ्या कडव्यात ‘पोटाला’च्या जागी ‘पाठीला’ म्हटलं. एवढंच. तेव्हापासून कासवाच्या बरगड्या पाठीवर छपरासारख्या चढल्या आणि बिचारं अंगावर घर घेऊन फिरतं. त्याला विचारा, म्हणेल, भाडं नाही, कटकट नाही.

अजगरांच्या घरी झालं ते वेगळंच.

थोरलीच्या खापरपणजीकडे पाळणा होता. तेव्हा तिला चांगले चार पाय होते बरं का. चुलीवर घुगऱ्या शिजत होत्या. घुगऱ्या म्हणजे उकडलेले हरभरे, आपण बारशाला वाटतो तेच. तिनं डोक्याचं म्हटलं, मानेचं म्हटलं, हातांचं कडवं तोंडात घेतलं, तेवढ्यात हरभरे शिजले. वास सुटला. पहिली पाहुणी धावत आली आणि म्हणाली, “मी आले गं, पुढचं म्हण, दोरी मी ओढते.” त्या गडबडीत हातांचं कडवं गिळलं गेलं. खापरपणजीनं बरगडीचं म्हटलं. पाहुणीनं दोरी ओढली, घुगऱ्या घेतल्या, बाजूला झाली.

तेवढ्यात दुसरी आली. “माझी दोरी राहिली की.”

आलेल्या बाईला दोरी ओढू न देता पाठवायचं नसतं. खापरपणजीनं बरगडीचं पुन्हा म्हटलं. मग तिसरी आली. मग हरणी आली, साळू आली, मुंगसाची सासू आली, ती तर भांडूनही पुन्हा आली. घुगऱ्यांचा वास नदीपलीकडे गेला आणि पलीकडच्या पोहत आल्या. प्रत्येकीला चौथं कडवं. मोजलं तर तीनशे झाली.

पायांच्या कडव्यापाशी येईतो खापरपणजीचा घसा बसला होता. घुगऱ्या संपल्या होत्या आणि ऐकायला कुणी उरलं नव्हतं. तिनं पाचवं कडवं ओठातल्या ओठात पुटपुटलं आणि शेपटावर आटपलं.

बाळ निघालं ते दोरखंड. नुसत्या बरगड्या. आणि शेपटाजवळ दोन बाजूंना दोन बारीक नखं, पुटपुटलेल्या कडव्याची तेवढी आठवण.

खापरपणजी रडली. पण बाळ झाडाला असं काही विळखा घालून बसलं की चार पायांच्या पोरांना ते कधी जमलं नसतं. दुसऱ्या खेपेला तिनं जाणूनबुजून तीनशेदा म्हटलं. तिच्या लेकीनं तसंच म्हटलं. नातीनं तसंच म्हटलं. अजगरांचा पाळणा असा ठरला.

आता मूळ गोष्टीवर येते.

भागाबाईनं त्या साली एकोणीस अंडी घातली होती. तिची पहिलीच. आधीच्या साली ओल्या सावलीत घातलेली सगळी कुजून गेली होती, ती मी मोजत नाही, तीही मोजत नव्हती. या खेपेला मात्र जागा नामी मिळाली होती. नदीकाठी एक दरड होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन झेलणारी. तिला उन्हाची दरड म्हणायचे. तिच्या पोटात एक कोरडी कपार. भागाबाई अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली होती आणि उरलेल्या जगाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

याच सुमाराला खंडेराव घोरपड जंगलात परत आला.

खंडेराव चार महिने शहरात राहून आला होता. शहरात म्हणजे शाळेच्या मागच्या भिंतीवर. वर्गात तो कधी गेला नाही, पण भिंतीला चिकटून जेवढं कानावर पडलं तेवढं शिकला. परत आला तो मान वर करून, जीभ आतबाहेर करत. आल्या आल्या त्यानं सभा बोलावली.

“आपल्या जंगलात कुणीही काहीही गातो,” खंडेराव म्हणाला. “म्हणून पोरं कशीही निघतात. कुणी लांब, कुणी चपटं, कुणी पाठीवर डबा घेऊन. हे थांबलं पाहिजे. पाळणा एकच हवा आणि तो शुद्ध हवा.”

“शुद्ध कुठला?” बेडकानं विचारलं.

“आमच्या घरचा,” खंडेराव म्हणाला. “माहीत असावं म्हणून सांगतो.”

अशी पाळणा शुद्धीकरण समिती झाली. खंडेराव अध्यक्ष. त्याचे दोन चुलतभाऊ सदस्य, ते कधी आलेच नाहीत. आणि चुका लिहून घ्यायला ठकू पाल. ठकूची निवड सोपी होती. तिला दुसरं काही बोलताच येत नव्हतं. तोंड उघडलं की “चुक, चुक.” अशी कारकुनीण मिळायला भाग्य लागतं.

नियम झाले. प्रत्येकीनं समितीपुढे पाळणा म्हणायचा. बिनचूक असेल तर शुद्धतेचा शिक्का, म्हणजे खंडेरावाच्या उजव्या पावलाचा ठसा. समितीपुढं म्हटला तोच पाळणा पुढं दोरीवर म्हणायचा. शिक्का असेल तिलाच उन्हाची दरड. नसेल तिनं अंडी उचलून खालच्या ओल्या सावलीत जायचं.

खालची ओली सावली म्हणजे काय ते भागाबाईला सांगायला नको होतं.

तिनं अर्ज केला. अर्जावर अर्जदाराच्या पावलाचा ठसा लागत होता. भागाबाईनं शेपटाजवळचं नख चिखलात बुडवून टेकवलं.

“हे काय आहे?” खंडेरावानं विचारलं.

“पाय.”

“हा पाय?”

“आमच्यात एवढाच असतो.”

“हे टिंब आहे, बाई.”

“मग टिंब समजून घ्या, साहेब. पण अर्ज घ्या.”

त्यानं अर्ज घेतला आणि आठव्या दिवशी तपासणीला येतो म्हणून सांगितलं. जाताना शुद्ध पाळणा शिकवूनही गेला. सहा कडवी, एकेकदा.

भागाबाईनं तो घोकायला घेतला. तिसऱ्या कडव्यापर्यंत आली असेल, थोरलीनं वेटोळ्यातून डोकं काढलं.

“भागे, काय गातेस?”

“शुद्ध पाळणा, आत्याबाई. हा म्हटला तरच दरडीवर राहू देतात.”

“आणि पोरं कसली निघतील?”

“चार पायांची.” भागाबाईनं आपल्या शेपटाकडे बघितलं. “आखूड.”

“घोरपडी निघतील म्हण की. माझ्या घरात एकोणीस घोरपडी. सकाळी उठून त्यांच्याकडे बघायचं.”

धोंडबानं मागच्या आठवड्यात रानडुक्कर गिळलं होतं, तो अजून पचवत पडला होता. तो एक डोळा उघडून म्हणाला, “पाय असले तर काय बिघडलं? पळता येईल.”

“तू झोप,” थोरली म्हणाली. “तुला पाय असते तरी तू पळाला नसतास.”

भागाबाईला हसू आलं, पण टिकलं नाही. “आत्याबाई, आपला पाळणा म्हटला तर अंडी कुजतील. त्यांचा म्हटला तर पोरं आपली राहणार नाहीत. मी करू काय?”

थोरलीनं आपलं तोंड वेटोळ्यात खुपसलं. मग आतूनच म्हणाली, “नदीवर जाऊन ये. मरळीच्या जावांना विचार. त्यांच्या घरात गाण्याला तोटा नाही. अंड्यांवर मी बसते.”

नदीत मरळ मासळीच्या घरी दोन जावा होत्या. मोठी सुंदरा, धाकटी चिमा. फार पूर्वी त्यांच्या घरात एक गंमत झाली होती. पाळणा एकीनं म्हणायचा, तर त्या वर्षी दोन्ही जावा एकदमच म्हणायला बसल्या. मीच म्हणणार, मीच म्हणणार. कुणी ऐकेना. तेव्हापासून माशांच्या घरात पाळण्याच्या दोन दोन प्रती. मोठीनं जुनं जसंच्या तसं म्हणायचं. बाळाचं डोकं, कणा, शेपूट मोठीच्या गाण्यातून नीट यायचं. मग धाकटीला काय काम? ती आपलं मन मानेल ते जोडायची. कधी मिशा, कधी पाठीवर काटा, कधी अंगावर ठिपके. आवडलं तर ठेवायचं, नाही आवडलं तर ती गप्प बसायची. म्हणून तर माशांत इतके नमुने, पोरांनो. बाजारात जाऊन बघा. दोन जावांच्या भांडणाचा तो बाजार आहे.

भागाबाईनं काठावरून सगळं सांगितलं.

“आमच्याकडेही आला होता,” सुंदरा म्हणाली. “मी सरळ म्हटलं. त्यानं शिक्का दिला.”

“आणि चिमानं म्हटलं ते?”

“मला बोलूच दिलं नाही वहिनींनी,” चिमा म्हणाली. “साहेबाला सांगितलं, ही नुसती नक्कल आहे.”

“मग खोटं काय सांगितलं? एक प्रत दाखवायला, एक प्रत वापरायला. सगळीकडे असंच चालतं.” सुंदरा भागाबाईकडे वळली. “तूही एक नक्कल ठेव.”

“माझा गळा एकच आहे, सुंदराताई.”

“तेही खरंच.”

चिमा तोंड पाण्याबाहेर काढून म्हणाली, “एक विचारू? तो शुद्ध शुद्ध म्हणतो, पण शुद्ध आहे कुठलं? आपल्या सगळ्यांच्या आधीचा पाळणा रेतूबाबाकडे आहे. नदीच्या मुखाशी, वाळूत. तो अजून जुनाच म्हणतो. एकच प्रत. त्याच्याकडे जाऊ नाही नि भांडण नाही.”

“कोण रेतूबाबा?”

“आहे एक. दिसेल तेव्हा दिसेल,” सुंदरा म्हणाली, आणि दोघी जावा एकमेकींकडे बघून हसल्या. बुडबुडे वर आले.

आठव्या दिवशी खंडेराव आला. मागं ठकू पाल. दरडीवर सगळं जंगल जमलं. थोरलीनं घुगऱ्या शिजत घातल्या होत्या. तपासणीला दोरी नव्हती, पण पाळणा म्हटल्यावर घुगऱ्या आल्याच.

भागाबाईनं अंड्यांकडे एकदा बघितलं. एकोणीस. मग डोळे मिटून तिनं आपलाच पाळणा सुरू केला. शुद्ध तिला पाठ होता. पण तोंडातून तो निघाला नाही.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसरं आलंच नाही.

“चुक,” ठकू म्हणाली.

चौथं कडवं झालं. पुन्हा चौथं.

“चुक.”

पुन्हा चौथं. “चुक.” पुन्हा. “चुक.” पन्नासापर्यंत ठकूनं जोरात म्हटलं. शंभराला तिची शेपटी थरथरू लागली. दीडशेला खंडेराव म्हणाला, “पुरे, समजलं.” थोरली म्हणाली, “मधेच तोडायचा नसतो, साहेब. अर्धी पोरं निघतील.” दोनशेला ठकूनं खुणेनं पाणी मागितलं. अडीचशेला तिला कुणी तरी घुगऱ्या दिल्या. तीनशेला भागाबाईनं पाचवं कडवं पुटपुटलं, शेपूट म्हटलं आणि डोळे उघडले. ठकूच्या तोंडात हरभरे होते, त्यामुळे शेवटच्या दोन चुका धरल्या गेल्या नाहीत.

खंडेराव उठला. “दोनशे नव्याण्णव चुका. एवढ्या आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकल्या नव्हत्या. उद्या सकाळी अंडी खाली हलवा.”

भागाबाईनं वेटोळं घट्ट केलं.

तेव्हा थोरली पुढं आली. पुढं यायला तिला वेळ लागला, कारण डोकं आलं तरी बाकीची येत होती.

“साहेब, चूक म्हणजे काय हो?”

“मुळापेक्षा वेगळं ते चूक.”

“आणि मूळ कुठलं?”

“आमच्या घरचं. सांगितलं ना.”

“तुमच्या घरी कुठून आलं?”

“पणजोबांकडून.”

“त्यांच्याकडे?”

खंडेरावाची जीभ बाहेर आली ती आत जायची विसरली. शाळेच्या भिंतीवर हे शिकवलं नव्हतं.

“मग राजापुढं जाऊ,” थोरली म्हणाली. “मुळात काय होतं ते आमचंही ऐकू दे, तुमचंही ऐकू दे. माझ्या सुनेचं मुळाशी जुळलं नाही तर मीच अंडी खाली नेते. डोक्यावर ठेवून.”

त्या जंगलाचा राजा होता मगर. तो वाळूवर तोंड उघडं टाकून बसायचा. तोंड उघडंच असल्यामुळे तो हो म्हणतोय की नाही म्हणतोय ते कुणाला कळत नसे. त्यामुळे राज्य फार शांततेत चाललं होतं. दोन्ही बाजूंनी आपलं म्हणणं मांडलं. राजानं तोंड उघडं ठेवलं. दोन्ही बाजूंना वाटलं, मान्य झालं.

चिमा नदीच्या मुखाशी गेली आणि रेतूबाबाला एका शिंपल्यात, ओल्या वाळूसकट, पुढं ढकलत घेऊन आली.

सगळे वाकून बघू लागले. शिंपल्यात वाळू दिसत होती.

“कुठं आहेत?” खंडेरावानं विचारलं.

“हे काय,” चिमा म्हणाली.

वाळूत एक बोटभर पांढुरका दोरा होता. दोन्हीकडून निमुळता. डोकं म्हणावं असं काही नव्हतं. हात नव्हते, पाय नव्हते, बरगडी नव्हती. तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते त्याच्या त्यालाच माहीत.

“बाबा,” थोरली म्हणाली, “मूळ पाळणा म्हणा.”

“कोण आहे? दिसत नाही,” रेतूबाबा म्हणाला. “डोळ्यांचं कडवं आमच्याकडे नाही.”

“तुमचीच लांबची लेकरं आहोत.”

“असं. मग म्हणतो.”

आणि त्यानं बारीक आवाजात म्हटलं :

पुढं टोक, मागं टोक, मधे दोरा ताठ,
वाळूमध्ये नीज आता, सोड माझी पाठ.

झालं. एवढंच.

पण पोरांनो, एक झालं. त्याची चाल. ती सगळ्यांनी ओळखली. कासव डुलायला लागलं. सुंदरा आणि चिमा आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात आल्या. भागाबाईची मान आपोआप हलली. खुद्द खंडेरावाचा पुढचा पाय ठेका धरू लागला, त्यानं तो दुसऱ्या पायानं दाबून ठेवला. शब्द प्रत्येकाचे वेगळे, पण चाल एकच. शिंपल्यातल्या त्या दोऱ्याची.

मग थोरली म्हणाली, “साहेब, आता तुमचा शुद्ध पाळणा म्हणा. ठकूबाई, तुम्ही ऐका. मुळापेक्षा वेगळं ते चूक.”

खंडेरावानं घसा साफ केला. “पहिल्या दिवशी डोकं आलं…”

“चुक,” ठकू म्हणाली.

“डोळ्यांचं त्याला…”

“चुक.”

“दुसऱ्या दिवशी मान…”

“चुक.”

“ठकूबाई, जरा बघून.”

“चुक, चुक.”

हात, चूक. बरगडी, चूक. पाय, चूक, आणि पाय चार म्हणून चार वेळा. खंडेराव दर चुकीला थोडा थोडा बसत गेला. शेवटी पोटावर आला. तेव्हा कुणी तरी मागून म्हणालं, “आणि महाराजांचे दात?”

ठकूला भीड नव्हती. “चुक,” ती म्हणाली.

मगरराजानं तोंड मिटलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. सगळं जंगल दचकलं. एक पाखरू तोंडात दात टोकरत होतं, ते आतून ठोठावू लागलं, तेव्हा राजानं पुन्हा उघडलं.

“मग मूळ पाळणा ठरला,” राजा म्हणाला. “उद्यापासून सगळ्यांनी तोच म्हणायचा. सुरुवात अध्यक्षांच्या घरातून.”

आता खंडेरावाच्या घरचं तुम्हाला सांगायचं राहिलं. त्याची बायको तुळसा त्याच सकाळी वारुळात अंडी घालून बसली होती. अकरा. तिचा पाळणा उद्याच होता. खंडेरावाच्या डोळ्यांपुढं अकरा दोरे आले. वारुळात वळवळणारे. त्यांना शाळेच्या भिंतीवर कोण चढवणार?

तो थोरलीजवळ सरकत आला आणि हळूच म्हणाला, “आजी, काही तरी करा.”

काल ती ‘अजगराची म्हातारी’ होती. आज आजी झाली.

“मी काय करणार?” थोरली म्हणाली. “नियम तुमचा. माझी सून तर खालच्या सावलीत चालली.”

“कुठं जाताहेत त्या? जायचं नाही. दरड त्यांचीच आहे.”

“पण चुका दोनशे नव्याण्णव आहेत.”

“आजी,” खंडेराव म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा पोटतिडीक आली, “माझी अकरा आहेत हो.”

थोरलीनं त्याच्याकडे बघितलं. मग भागाबाईकडे बघितलं. भागाबाई म्हणाली, “द्या सांगून, आत्याबाई. पोरं कुणाचीही असोत.”

मग थोरली राजापुढं गेली.

“महाराज, एकीनं एकदा चुकवलं तर चूक. पण माझ्या खापरपणजीनं म्हटलं, पणजीनं म्हटलं, आजीनं, आईनं, मी, आता माझ्या सुनेनं. इतक्या जणींनी एकाच जागी तेच केलं तर त्याला चूक म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात?”

“कुळाचार.”

राजा विचार करू लागला. म्हणजे तोंड उघडं होतं.

“कुणाच्या घरी खीर लागते, कुणाच्या घरी पुरण,” थोरली म्हणाली. “त्याला कुणी चूक म्हणतं का? कासवाच्या घरी पाठीवर बरगडी, हा त्यांचा कुळाचार. आमच्याकडे तीनशे बरगड्या, हा आमचा. माशांकडे दोघींनी गायचं, हा त्यांचा. साहेबांच्या घरी चार पाय, हाही त्यांचा कुळाचारच. आम्ही त्यांना पाय काढा म्हणत नाही.”

“आणि महाराजांचे दात?” खंडेरावानं घाईनं विचारलं.

“तो तर राजकुळाचा कुळाचार.”

राजाला हा शब्द फार आवडला. त्यानं तिथल्या तिथं समितीचं नाव बदललं. शुद्धीकरण समितीची कुळाचार समिती झाली. अध्यक्ष खंडेरावच राहिला. त्यानं कागदावरच्या दोनशे नव्याण्णव ‘चुका’ खोडल्या आणि खाली एकदाच ‘कुळाचार’ लिहून पायाचा ठसा मारला. शेजारी भागाबाईनं आपलं टिंब ठेवलं. या खेपेला तो म्हणाला, “छान उमटलंय.”

रेतूबाबाला तो सोहळा काही दिसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, “झालं का? मग मला वाळूत सोडा.” चिमानं त्याला सोडलं. तो अजून तिथंच आहे.

दुसऱ्या दिवशी दोन पाळणे झाले. सकाळी वारुळात तुळसाचा, सहा कडव्यांचा, ऊन तापायच्या आत आटपला. दुपारी दरडीवर भागाबाईचा खरा पाळणा. आदल्या दिवशीचा तपासणीचा होता, तेव्हा वेल बांधली नव्हती, दोरी कुणी ओढली नव्हती, आणि दोरी ओढल्याशिवाय पाळणा लागत नाही. खुद्द खंडेराव बायकोला घेऊन आला. दोघांनी दोरी ओढली. भागाबाईनं तीनशे कडवी मोजून म्हटली आणि पाचव्याकडे वळणार, तेवढ्यात घुगऱ्यांचा वास घेत ठकू पाल धापा टाकत आली.

“माझी दोरी राहिली की,” ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिच्या तोंडून दुसरे शब्द कुणी ऐकलेच नव्हते.

आलेल्या बाईला दोरी ओढू न देता पाठवायचं नसतं. भागाबाईनं चौथं कडवं आणखी एकदा म्हटलं.

दोन महिन्यांनी ऊन दरडीला टेकलं असताना पहिलं अंडं फुटलं. मग दुसरं. धोंडबा जागा झाला आणि मोजू लागला, बाराला चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. एकोणीसच्या एकोणीस. गुळगुळीत, ठिपकेदार, प्रत्येकाच्या शेपटाजवळ दोन बारीक नखं. कानात कुर्र करून नाव ठेवावं तर अजगराला कान नाहीत. ते कडवं कुणाच्या खापरपणजीनं गिळलं ते मला विचारू नका. नावं पाठीवर लिहिली, जागा भरपूर होती.

आणि सगळी पोरं आईबापापेक्षा एका बरगडीनं लांब निघाली. त्या एका बरगडीनं ती पल्याडच्या फांदीपर्यंत पोचली, जिथं आजवर कुठल्याच अजगराला पोचता आलं नव्हतं. तिथं ऊनही होतं आणि वाराही. थोरली ते बघायला म्हणून पहिल्यांदा सरळ झाली, तेव्हा तिचं शेपूट नदीत भिजलं. सुंदरा आणि चिमानं खालून विचारलं, “काय झालं गं?”

“तीनशे एक,” भागाबाईनं वरून सांगितलं. “आता आमच्यात तीनशे एक म्हणायची पद्धत आहे.”

तेव्हापासून उन्हाची दरड अजगरांची झाली आणि ते घर कधी रिकामं राहिलं नाही. तशी भरल्या घराची ऊब तुमच्याही अंथरुणात येवो.

तात्पर्य : चूक जरूर करावी, पण एकट्यानं करू नये. सगळ्या घरानं मिळून, एकाच जागी आणि तीनशे वेळा करावी, म्हणजे तिला कुळाचार म्हणतात. आणि तपासायला कुणी आलंच, तर त्याच्या कारकुनाच्या तोंडात आधी घुगऱ्या भराव्यात.